आडातली मरळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, देवापुढेही नाही. आज तुम्हालाच का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही — पण बसा जरा.

लढाईची वर्षं होती. कोरेगावच्या घरात आम्ही दोघी जावा, मी थोरली आणि हौसा धाकटी. दोघींचे नवरे पलटणीत. माझे वाळवंटात गेले ते तिथेच राहिले. तार आली आणि माझं कपाळ पांढरं झालं. पुढे हौसाचा नवरा, माझा धाकटा दीर, ब्रह्मदेशाकडे निघायच्या आधी रजेवर आला. येताना मुंबईहून बिस्किटाच्या डब्यात पाणी घालून त्यानं एक सोनेरी मासा आणला. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत तो सोडला आणि बायकोला म्हणाला, "ह्यो हाय तवर मी हाय, समज."

थट्टाच होती ती. पण हौसानं मनावर घेतलं.

तो गेल्यावर मासा खाईना. कणकेच्या गोळ्या तळाशी तशाच पडून राहायच्या. त्याचं पोट खपाटीला गेलं, पाठीचा काटा दिसू लागला. इकडे पत्रंही बंद झाली. हौसा बरणीपाशी बसून रडायची. शेवटी मशिदीच्या हौदातले मासे सांभाळणाऱ्या दगडूचाचांना तिनं विचारलं. ते म्हणाले, "अंड्याचा बलक द्या, चिमटीभरच. आन् सोबत द्या, ह्याच्यापरास बारक्या तोंडाची. मरळ तेवढी नको. ती सोबत करत न्हाई, गिळती."

माझं माहेर आष्ट्याकडचं, नदीजवळचं. मला मासे ओळखता यायचे, म्हणून ओढ्यावरून सोबत आणायचं काम माझ्याकडे आलं. मी बारक्या रुपेरी मासळ्या आणल्या. खरंच चांगल्या आणल्या, हेही सांगायला हवं ना? त्यांच्यात मासा खाऊ लागला, अंग धरू लागला.

आणि हौसा हसली. "धनी सुखरूप हाईत, आक्का. बघा की, कसा खातोय त्यो." त्या दिवशी तिनं कुंकू ठसठशीत लावलं होतं. मला ते बघवलं नाही. माझ्या माणसाच्या नावानं असा कुठला मासा नव्हता — माझ्याकडे वाट बघायलाही काही उरलं नव्हतं. मग हिनंच का हसावं?

"आणखी एकदोन आणा की," ती म्हणाली.

ओढ्याचं पाणी गढूळ होतं, मला नीट दिसलं नाही, असं मी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलंय. पाणी नितळ होतं. मरळ मी ओळखली, आणि ओळखूनच पदरात धरली. हौसा रानात गेलेली. मी मरळ बरणीत सोडली आणि समोर बसले. उठावं, हात घालावा, असं वाटलं नाही का? वाटलं — पण उठले नाही.

सगळं संपल्यावर मरळ परसातल्या आडात टाकली, बरणी उपडी केली. हौसा आल्यावर म्हणाले, "बलक जास्त घातलास गं. पाणी नासलं, सगळे मेले. मी उकिरड्यावर टाकले."

तिनं ते खरं धरलं. माझ्यावर विश्वास होता तिचा.

काही महिन्यांनी तिच्याही नावानं तार आली. बांगड्या फोडायला बायका जमल्या, तेव्हा ती एकच बोलत होती, "माझ्या हातनं झालं. मीच धन्यास्नी मारलं." त्या बायकांत मीही होते. तिचा हात माझ्याच हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. नाही बोलले. ती पुढे म्हातारी झाली, तरी ते वाक्य निघालं नाही.

मरळ मात्र आडात वाढली. मरळ श्वास घ्यायला वर येते, ठाऊक असेल तुम्हाला. पाणी शेंदायला वाकावं, तर खाली डुबुक आवाज व्हायचा. मी दचकायची. आजही कुठे पाणी हललं की दचकते.

हौसाला त्या मरळीचा लळा लागला. मोरीमागची गांडुळं काढून ती आडात टाकायची. "कुठनं आली आसंल ओ ही?" असं एकदा तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढे म्हणाली, "त्यो मासा माझ्यापायी मेला. हिला तरी नीट सांभाळती."

गांडुळांची करवंटी माझ्या हातात होती. मी ती पुढे केली.