माळकऱ्याच्या घरातली दारू

कृष्णातआप्पांना नाद एकच, शोभेच्या दारूचा. कुंडलच्या अलीकडे आमचं गाव. जत्रेत पालखी देवळापुढं आली की आप्पांनी बांधलेलं दारूचं झाड पेटायचं आणि चक्रांतून ठिणग्यांचा असा पाऊस पडायचा की म्हाताऱ्यासुद्धा पदर पसरायच्या. सोरा-गंधक सांगलीच्या पेठेतून यायचं. कोळसा घरचा. परवाना लागतो हे आप्पांच्या कानावर होतं, पण दरसाल फौजदारच पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचा, मग परवाना मागायचा कुणी?

आप्पा माळकरी. घरात ‘दारू’ हा शब्दच नको म्हणून अंबूबाई, त्यांची बायको, त्या मालाला ‘फुलं’ म्हणायची. पुढं सगळं घरच फुलं म्हणायला लागलं.

त्रेचाळीस साल उजाडलं. आमच्या भागात रूळ उखडले जात होते, तारा तुटत होत्या, आणि लढाईपायी सोरा-गंधकावर सरकारचा डोळा होता. खुर्चीवाल्या फौजदाराची बदली झाली आणि नवा आला तो झडत्या घेतच. आप्पा रानात होते. दारात अंबूबाई.

“घरात दारू आहे का?”

अंबूबाईचा पारा चढला. “दारू? आवं सायेब, माळकऱ्याचं घर हाय ह्ये! थेंब सुदीक न्हाई. इठोबाची आण घेते.”

शिपायांनी माळवदावरची मातीची डेरकी खाली काढली. आत काळी भुकटी. सरळ ‘हाय, जत्रंची हाय’ म्हणाली असती तर दंडावर भागलं असतं. पण आण घेऊन लपवलेली दारू म्हणजे बाँबचीच, असं फौजदारानं धरलं. संध्याकाळी आप्पांना बेड्या पडल्या.

साताऱ्याच्या कोर्टात साहेबानं विचारलं, “बायको खोटं का बोलली?”

“ती खोटं न्हाई बोलली, सायेब. आमी त्येला फुलं म्हंतो.”

कोर्ट खदखदून हसलं. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

आप्पांनी हात जोडले. “सायेब, जरा पेटवून बगा. फुलं पडली तर मी खरा. धडाका झाला तर फासावर द्या.”

साहेबाला ते पटलंही असावं. त्यानं मुद्देमाल आणायला सांगितला. फौजदार उठला आणि म्हणाला, माल धोक्याचा, म्हणून नियमाप्रमाणे विहिरीत बुडवला. झालं! ज्या मालापायी माणूस पिंजऱ्यात उभा, तोच माल विहिरीच्या तळाला. आप्पांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

अंबूबाई भेटीला गेली तेव्हा गजांना धरून रडली. “माज्या तोंडानं तुमचं वाटुळं झालं.”

“तू खरंच बोललीस गं,” आप्पा म्हणाले. “खऱ्याला आता कुनी पेटवून बगत न्हाई.”

सुटून आले ते नाद सोडूनच. झाड केलं नाही, जत्रेला उभेही राहिले नाहीत. कुणी विषय काढला तर एवढंच म्हणायचे, “गड्या, ती शोभंचीच व्हती.” लोक मान डोलवायचे. त्या काळात खरे बाँबवालेही असंच म्हणायचे.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात चावडीपुढं झेंडा चढला. गावच्या बाळासो पाटलांनी आप्पांना जबरदस्तीनं पुढं नेलं, गळ्यात हार घातला आणि ओरडून सांगितलं, “ह्यांनी बाँब केलं म्हनून आज ह्यो दिवस दिसला!”

आप्पा कावरेबावरे झाले. “न्हाई वो. देवाशपत सांगतो, ती शोभंची व्हती.”

“आता कुनाला भ्यायचं, आप्पा?” बाळासो हसले. “राज्य आपलंच हाय!”

सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. बायकांच्या घोळक्यात अंबूबाई एकटीच तोंडाला पदर लावून रडत होती. शेजारणीला वाटलं, आनंदानं.