सात तांबे गरम, अकरा तांबे गार

माझ्या वडिलांनी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत आंघोळीचं पाणी एकदाही स्वतः काढलं नाही. ते खातं आईकडे. ती गिझरचं कढत पाणी बादलीत सोडायची, गार पाण्याचं विसण घालायची, हात बुडवून अंदाज घ्यायची आणि पाणी काढलंय म्हणून हाक मारायची. बाबा शाळेत जाऊन फळ्यावर लिहायचे, की एक ग्रॅम पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जी उष्णता लागते ती एक कॅलरी.

आई गेल्यावर मी त्यांना विश्रांतवाडीला माझ्याकडे आणलं. मधुमेह जुनाच होता. हातापायांची जाणीव हळूहळू कमी होत गेली होती, पण ते कबूल करायचे नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांचा मोजा काढताना मला पावलावर हा एवढा फोड दिसला. सकाळी कढत पाणी पायावर ओतून घेतलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. जखम भरायला दीड महिना गेला. शेवटचं ड्रेसिंग झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुन्हा असं झालं तर पाय वाचेलच याची खात्री नाही. यापुढे पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघायचं.

घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा बाबा भडकले. आपण काय तान्हं बाळ आहोत का, म्हणाले. माझाही स्वभाव त्यांच्याच वळणाचा. तान्हं बाळ भाजलं तर निदान रडतं तरी, असं मी म्हणून गेले. म्हणायला नको होतं. दोन दिवस घरात अबोला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला लॅबच्या सामानाच्या दुकानातून काचेचा थर्मामीटर आणायला लावलं. गिझरचं पाणी मोजलं, साठ अंश. नळाचं चोवीस. अंगाला हवं अडतीस. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी गणित मांडलं आणि मला समोर बसवून शिकवलं. मला, पन्नाशी उलटलेल्या बाईला. गरम पाणी बावीस अंश उतरणार, गार पाणी चौदा अंश चढणार. एकाने जेवढी उष्णता सोडली तेवढीच दुसऱ्याने घेतली पाहिजे. आमचा तांब्या लिटरभराचा, म्हणून सात तांबे गरम आणि अकरा तांबे गार. दोन्हीकडे एक लाख चोपन्न हजार कॅलरी.

आकडा ऐकून मी चाट पडले. एवढ्या कॅलरी मी आठवडाभरात सुद्धा खात नसेन. ते खुशीत आले. बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरी म्हणजे यांतल्या हजार, त्यामुळे ही सगळी उष्णता जेमतेम दीड पोळीची, म्हणाले. पोळीत असते ती आणि बादलीत असते ती एकच वस्तू, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. मला मनापासून आनंद झाला. पण खरं सांगायचं तर ऑफिसच्या घाईत रोज बादलीत हात घालायला नको, याचा जास्त झाला.

कागद बाथरूमच्या दारावर चिकटवला. पहिला आठवडा मी गुपचूप तपासून बघितलं. पाणी रोज अगदी बरोबर. मग मी बघायचं सोडलं.

एप्रिल लागला आणि उकाड्यामुळे बाबांनी आंघोळ सकाळची दुपारवर नेली. दुपारची झोप झाली की आंघोळ. पहिलाच दिवस रविवारचा, म्हणून मी घरी होते. त्यांनी तांबे मोजून बादली भरली आणि पंचा आणायला खोलीत गेले. मी साबणाची नवी वडी ठेवायला आत गेले, ती हातातून निसटून बादलीत पडली. काढायला हात घातला आणि झटकन मागे घेतला.

पंचा घेऊन आलेल्या बाबांना मी विचारलं, किती तांबे घातलेत. सात आणि अकरा, ते म्हणाले. मी नळ सोडून थर्मामीटर धरला. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापलेली. नळालाच चाळीस अंश.

"म्हणजे अठ्ठेचाळीस," बाबा म्हणाले. बादलीत थर्मामीटर घालायच्या आधीच. घातला तर तेवढेच निघाले.

ते तिथेच स्टुलावर बसले. "मी फेब्रुवारीचा नळ धरून बसलो. एखाद्या पोराने असं गणित केलं असतं तर शून्य दिलं असतं."

चूक त्यांची एकट्याची नव्हती. डॉक्टरांनी हात घालायला मला सांगितलं होतं आणि मी ते काम कागदावर ढकलून मोकळी झाले होते. मला स्वतःची लाज वाटली. रोज नळ मोजू, रोज नवं गणित करू, असं मी घाईघाईने बोलत सुटले. ते हातातल्या पंच्याची घडी घालत बसले, मोडली, पुन्हा घातली.

"थर्मामीटर ठेवून दे," शेवटी ते म्हणाले. "तू हात घालत जा."

मी बादली ओतून दिली. नळाचं पाणी भरलं, त्यात माठातलं दोन तांबे पाणी घातलं आणि कोपरापर्यंत हात बुडवून ढवळलं. ते भिंतीला धरून उभे राहिले. मी पहिला तांब्या त्यांच्या पावलांवर ओतला, तेव्हा पाणी गरम आहे की गार हे कळावं म्हणून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.