चौथा हात

पेणच्या क्लासमध्ये आम्हाला प्रोग्रामिंग शिकवणारे सर फळा फारसा वापरत नसत. आम्हा आठ-दहा जणांना ते शेजारी शेजारी उभं करायचे. उजवा हात उजवीकडच्याच्या खांद्यावर, डावा डावीकडच्याच्या. "ही दुहेरी साखळी," ते म्हणायचे. "माहितीचा प्रत्येक कप्पा असाच उभा असतो. आपल्या पुढे कोण, मागे कोण, एवढंच त्याला ठाऊक. पण तेवढ्यावर अख्खी रांग पुढूनही वाचता येते आणि उलटीही." मग ते मध्येच कुणाला तरी घुसवायचे. नव्याचे दोन हात आणि दोन्ही शेजाऱ्यांचा एकेक, असे चार हात हलले पाहिजेत. हटकून कुणीतरी चौथा हात विसरायचं आणि हशा पिकायचा. मी कधीच विसरले नाही. त्याची मला चांगलीच घमेंड होती.

पुढे रोह्याच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला, कामगारांच्या हजेरीच्या कामाला लागले. पेणहून कामगारांना आणणारी बस रोज उशिरा यायची आणि तक्रारी माझ्या टेबलावर. कारण एकच. जुना ड्रायव्हर सगळ्यांचा मामा. कुणी म्हणालं इथे थांबव की थांबव, कुणाची भाजी घ्यायची राहिली की थांबव. माझं डोकं फिरायचं. तो निवृत्त झाला तेव्हा मी मनातून खूशच झाले, आणि संधी साधून थांब्यांचा प्रोग्राम लिहिला. एकेक थांबा म्हणजे साखळीतला एकेक कप्पा. सकाळचा कागद पेणहून रोह्याकडे वाचत जायचा, संध्याकाळचा रोह्याहून उलटा. साहेबांनी पाठ थोपटली. मी तेवढ्यावर थांबले नाही. 'कागदावर नाही तिथे गाडी थांबणार नाही' हा नियमही त्यांच्याकडून मंजूर करून घेतला. नवा ड्रायव्हर बाहेरगावचा होता, नियमाला पक्का.

काही महिन्यांनी कॅन्टीनमध्ये एक नवी बाई लागली. खाडीकडच्या गावची, घरचे सगळे मिठागरावर राबणारे. तिच्यासाठी वडखळ आणि नागोठण्याच्या मध्ये एका फाट्यावर थांबा हवा होता. तोवरचे थांबे मी ओळीने एकामागे एक भरले होते. मध्ये घालायची ही पहिलीच वेळ. घातला, सकाळचा कागद छापून पाहिला. वडखळ, फाटा, नागोठणे. अगदी बरोबर. संध्याकाळचा पाहिला नाही. तोच क्रम उलटा, त्यात काय पाहायचं!

त्यानंतर दीडेक आठवड्याने पेणला मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून संध्याकाळी त्याच बसमध्ये बसले. अर्धी बस पेंगत होती. नागोठणं मागे पडलं. थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेला एक म्हातारी दिसली, कडेवर तान्हं पोर. ती बसकडे बघत होती. माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईने काचेला तळहात टेकवला. बस तशीच पुढे गेली. वडखळला ती बाई उतरली आणि पदर खोचून आल्या रस्त्याने उलटी चालू लागली.

मीही उतरले आणि तिला गाठलं. "ताई, तुमचा फाटा तर मागे गेला. उतरला का नाही?"

"गाडी थांबत नाय ना तिथं," ती चालता चालता म्हणाली. "आमचा थांबा सकालचा हाय, मॅडम. सांजचा नाय."

"असं कोण म्हणालं?"

"पयल्या दिवशी मी उठलेली. डायवरनी कागद दाखवला. कागदावर नाय. मला वाटला, नव्या मान्साला असाच असंल."

सकाळी नेतात, संध्याकाळी सोडत नाहीत. हा नियम तिने मान्य करून टाकला होता, कारण तो कागदावर होता. कागद मी छापला होता. चालता चालताच मला सगळं उमगलं. नव्या थांब्याचे दोन्ही हात मी लावले होते, वडखळचा नागोठण्याकडचा हातही फाट्यावर ठेवला होता. नागोठण्याचा मागचा हात, तोच चौथा, मात्र अजून वडखळच्याच खांद्यावर होता. उलट येताना फाटा कुणाला दिसणारच नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली. ती भराभर चालत होती आणि मी धापा टाकत मागे.

फाट्यावर पोराने रडून आकांत मांडला होता. तिने त्याला घेतलं, तिथेच दगडावर बसून पदराखाली घेतलं. म्हातारी तिची सासू. ती माझ्याकडे न बघताच बोलत राहिली. "रोज गाडी दिसते. ही पन दिसते काचेत. पोर हात करतो, न् गाडी जाते. मंग तासभर त्याला कसा गप करायचा? बस झाली ती नोकरी."

"कागद मीच लिहिते, आजी," मी म्हटलं.

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू लिवतस? मंग लिव ना गो आमचा थांबा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाताच चूक सुधारली. एक ओळ. दोन्ही कागद छापले, चारचारदा वाचले, साहेबांना चूक कबूल केली, ड्रायव्हरच्या हातात कागद दिला. संध्याकाळी स्वतः बसमध्ये बसले. बस फाट्यावर थांबली. कुणीच उतरलं नाही. फाट्यावरही कुणी नव्हतं.

ती त्या दिवशी कामावर आलीच नव्हती. अख्ख्या कंपनीला सांगून झालं होतं, फक्त जिच्यासाठी सांगायचं तिला सांगितलं नव्हतं. सकाळी ती बसमध्ये असणारच, हे मी धरूनच चालले होते. पुन्हा तोच चौथा हात.

मी उतरले. विचारत विचारत, बांधावरून चप्पल हातात घेऊन, तिचं घर गाठलं. ती भाकऱ्या थापत होती. "ताई, गाडी थांबली आज," मी म्हटलं. "थांबली, पण तुम्ही नव्हता. उद्या या."

तिने सासूकडे पाहिलं. सासू पोराला उचलून आत निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन्टीनमध्ये ती दिसली तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी चहात साखर जास्त आहे म्हणून उगाच कटकट केली. संध्याकाळी पुन्हा बसमध्ये जाऊन बसले. नागोठणं गेलं. फाटा आला. गाडी थांबली. तिचा दुसरा पाय जमिनीला लागायच्या आत सासूने पोर पुढे केलं. बस सुटल्यावर मी मागच्या काचेतून बघत राहिले. पोर आईच्या खांद्याला चिकटलं होतं, आणि आजीच्या लुगड्याचा पदर त्याने मुठीतून अजून सोडला नव्हता.