विषयाच्या ओळीतला पत्ता

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स करून मी साताऱ्यातल्या एका इंटरनेट केंद्रात नोकरीला चिकटलो. त्या नोकरीची आठवण झाली की आजही तोंड कडू होतं.

केंद्राचा ई-मेल पत्ता एकच आणि गिऱ्हाइकं पाच-पन्नास. म्हणून परगावच्या पोरांना सांगून ठेवलेलं, की विषयाच्या ओळीत बापाचं नाव आणि गाव लिहायचं. मी लिहिलेला प्रोग्रॅम ती ओळ वाचून मेलचे गावागणिक गठ्ठे लावायचा. मेढा, रहिमतपूर, दहिवडी. पोरं मराठीच लिहायची, पण इंग्रजी अक्षरांत. बाप लोकांना ती वाचता येत नसत, मग आम्ही मोठ्यानं वाचून दाखवायचो. मालक तर स्वतःला पोस्टमास्तरच समजायचा.

कुणी विषय मराठी अक्षरांत लिहिला की घोळ व्हायचा. त्या ओळीत इंग्रजीखेरीज दुसरं अक्षर थेट जात नसे. पाठवणारा प्रोग्रॅम त्याचं गाठोडं बांधायचा. आधी गणितातलं बरोबरचं चिन्ह, मग प्रश्नचिन्ह आणि पुढे अगम्य अक्षरांची रांग. ते सोडवायला तीस-चाळीस ओळींचा कोड पुरला असता आणि मला तो येत होता. पण मालक म्हणाला, "कचरा हाय त्यो गड्या. पुसून टाक. लग्नपत्रिका छापायची कामं पडल्यात." मी मुकाट्यानं दोन ओळी लिहिल्या, की अशी सुरुवात दिसली की मेल पुसायचा. वर काम झटपट उरकलं म्हणून मालकाचा चहाही प्यालो. शी!

माण तालुक्यातले एक काका दर सोमवारी एसटीनं यायचे. मुलगा मस्कतकडे, वाळवंटातल्या साइटवर. तिथं फोनची सोय नव्हती, ना काकांच्या गावात; सुट्टीला शहरात गेला की तो मेल टाकायचा. धाकट्या मुलीच्या लग्नाची तारीख काकांनी माझ्याकडूनच त्याला कळवली होती. "जमत न्हाई तर लगीच कळीव, तारीख फुडं ढकलू," असं बजावून लिहायला लावलं होतं. भाऊ नसताना पोरीला बोहल्यावर उभं करायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

तीन सोमवार त्यांनी विचारलं, "सायेब, पोराचं काय आलं का?" तिन्ही वेळा मी गठ्ठा चाळून "नाही, काका" म्हणालो. शेवटी ते खुशीत म्हणाले, "न्हाई म्हनला न्हाई, म्हंजी येतोय." आणि पत्रिका आमच्याकडेच छापायला टाकल्या.

मुलगा आला तो लग्नानंतर पाचव्या दिवशी. मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा त्याचा मान कुण्या चुलतभावानं उरकला होता. पुढच्या सोमवारी काका केंद्रात आले. आठ दिवस थांबा, म्हणून मुलानं दोन मेल टाकले होते म्हणे. मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "आवं, आलाच न्हाई. आला असता तर दिला नसता व्हय?" मला त्याची किळस आली. त्याहून जास्त माझी स्वतःची, कारण मी खाली मान घालून कीबोर्ड पुसत बसलो होतो.

"चूक पोराचीच हाय," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "माजं मला वाचता यावं म्हनून नावापासनं समदं मराठीत लिवलं त्यानं. आता बजावलंय, इंग्रजीतच लिव म्हनून. तुमास्नी उगा तरास नगं."

मग त्यांनी लग्नातल्या बुंदीचा पुडा टेबलावर ठेवला आणि एसटी गाठायला निघाले. मालकानं पुडा फोडला. मीही हात पुढे केला.