कुमुदिनीची वेगळी चूल

वृंदा आगाशेचा जन्म कलकत्त्याचा. वडील फोर्ट विल्यममध्ये हेडक्लार्क, घर बालीगंजला. उंबऱ्याबाहेर बंगाली, आत मराठी. एम.ए. झाली, लग्न राहून गेलं, आणि एकावन्न साली ती एका संशोधन-संस्थेत लागली. काम निर्वासितांच्या वसाहतींच्या पाहणीचं. तर्काची तिला भारी हौस. "आधी व्याख्या, मग मोजणी, मग निष्कर्ष," असं ती नव्या मुलींना बजावी. "पायरी गाळली की माणूस तोंडावर पडतो."

कुटुंबाची व्याख्या तिनंच लिहिली होती: एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. आपल्याकडे भावाभावांचं बिनसलं की आधी चूल वेगळी होते, हे तिला पक्कं ठाऊक. त्यात चुकायचं काय?

आकडे आले. दर चौथं कुटुंब एकट्या बाईचं! संस्थेचे प्रमुख श्यामराव, पुण्याहून बदलून आलेले, खूश झाले. फाळणीनं एकत्र कुटुंब मोडलं, हे त्यांचं मत पाहणीच्या आधीपासूनचंच. अहवाल लगोलग सरकारात गेला. पुनर्वसन कचेरीनं त्यावरून ठरवलं, की घरासाठी जागा कुटुंबाला आणि एकट्या बाईची रवानगी आश्रमात.

तक्ते जुळवणारे शरच्चंद्रबाबू मागाहून त्या बायकांची वयं बघून हसले. "दिदी, ह्या सगळ्या विधवा. आमच्याकडे मासे शिजतात, विधवेला ते वर्ज्य. तिची चूल वेगळी असणारच. माझ्या आईचीही आहे. म्हणजे मी आईला घराबाहेर काढलं की काय?"

"मग आधी का नाही बोललात?"

"माझ्याकडे आकडे येतात दिदी, चुली येत नाहीत."

वृंदाचा चेहराच उतरला. आगाश्यांच्या घरात मासळी कधी शिरलीच नव्हती. तिची विधवा आत्या सगळ्यांच्या चुलीवरचंच जेवे. घरची रीत तिनं जगाला लावली होती.

पण चूक कळली की पुन्हा तपासायचं, हीच तर पद्धत. ती परत वसाहतीत गेली, शंभर बायकांना भेटली. तुमचा तांदूळ कोण आणतं, एवढंच विचारलं. एक्क्याण्णव जणींनी मुलाकडे नाहीतर दिराकडे बोट दाखवलं. कुमुदिनी नावाच्या म्हातारीनं उलट तिलाच विचारलं, "मुलाला जागा मिळतेय, त्याच्या यादीत माझं नाव नाही. मला आश्रमात जा म्हणतात. मी एकटी कधी झाले गं, मा?"

श्यामरावांनी तिचे कागद वरवर चाळले. "वृंदाबाई, याद्या लागल्यात. आता व्याख्या बदलली तर आपण मूर्ख ठरू."

"पण आपण चुकलोय, साहेब."

"आपण? व्याख्येखाली सही कुणाची आहे?"

सही तिचीच होती. तिनं पुनर्वसन कचेरीला स्वतःच्या नावानं पत्र धाडलं: चूक माझी आहे, याद्या थांबवा. उत्तर आलं नाही.

वर्षभरानं पाहणीची दुसरी फेरी निघाली, तेव्हा वृंदा पुन्हा वसाहतीत गेली. कुमुदिनी सुनेच्या स्वयंपाकघरात, माशांच्या कढईशेजारी बसून भात खात होती. चौकशीला आलेल्या कारकुनाला एकच चूल दिसावी म्हणून तिनं आपली स्वतःच्या हातानं फोडली होती.

"तीस वर्षांचं व्रत मोडलं," ती मान वर न करता म्हणाली. "देवघरातला ठाकूर माफ करणार नाही. पण मुलाजवळ राहिले ना, मा."

शेजारच्या गल्लीतही तेच, पलीकडच्याही.

नव्या आकड्यांत एकट्या बायका निम्म्यावर आल्या. श्यामरावांनी टेबलावर थाप मारली. "बघा! योजनेमुळे मोडलेली कुटुंबं पुन्हा जुळायला लागली. लिहून काढा, वृंदाबाई."

वृंदानं ते लिहिलं नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं आणि ते छापूनही आलं. राजीनाम्यात तिनं 'घरगुती अडचण' असं कारण दिलं. श्यामरावांना ते लगेच पटलं. पुरावा काही त्यांनी मागितला नाही.