उकळलेलं पाणी

दादाला एड्स असल्याचं कळलं, त्या वर्षी त्याच्या दवाखान्यापायी आमचं वावर पडीक राहिलं. बेला गावाकडच्या आमच्या खेड्यात कापूस लावला नाही म्हणजे पऱ्हाटी नाही, आणि वाळलेली पऱ्हाटी नाही म्हणजे चुलीला जळण नाही. पुढच्या पावसाळ्यात गावात कॉलरा आला. नर्सबाई दादाला बघून सांगून गेली, याच्या अंगात ताकद उरली नाही, याला उकळलेलंच पाणी द्या.

ज्वारीही संपत आली होती. वहिनी चुलीपुढं बसून रोज विचारायची, "भाऊजी, भाकर टाकू का पानी उकळू?" ती भाकर टाकायची आणि उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी भरलेला पितळी गंज ठेवायची. पाणी नुसतं कोमट व्हायचं.

"उकळलं ना?" दादा विचारायचा. आम्ही दोघंही हो म्हणायचो.

शेजारी दोनदा जळण मागायला गेलो. दादाच्या त्या रोगाच्या नावानं त्यांनी उंबऱ्यातच थांबवलं आणि दोन्ही वेळा सांगितलं, "पावसानं सारं ओलं झालं."

दादा हगवणीनं गेला. त्या सकाळी न मागता घरोघरून लाकडं आली, बैलबंडी भरली. सरण मीच रचलं. त्यात एकही लाकूड ओलं नव्हतं.