तोडीच्या नंबराचं पान

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, ही जन्मली तीच मुठी आवळून. ते पान मी रागाच्या भरातच केलं, आणि नंतर जे निस्तरावं लागलं ते माझ्याच घरात.

आमचं गाव माकणीच्या धरणाखाली. कालव्याचं पाणी आलं तसा शिवारात ऊस वाढला, आणि ऊस वाढला तशी तोडीवरून भांडणं वाढली. ऊस लावला की साखर कारखान्याचा माणूस येतो, लागणीची तारीख विचारतो, वहीत लिहितो आणि पावती फाडून देतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. म्हणायला एवढं सोपं. पण हंगाम सुरू झाला की ज्याचा वट त्याच्या रानात ऊसतोड्यांची टोळी, आणि बाकीचे टोळीच्या मुकादमाच्या मागं मागं. नंबराची यादी कुणाला दिसायचीच नाही. विचारलं की एकच उत्तर, "येतोय तुमचा नंबर, दम धरा."

त्या वर्षी दम धरून बसलेल्यांत आमची खाला होती. सख्खी मावशी नव्हे, बांधाला बांध लागलेली शेजारीण, पण लहानपणापासून आम्ही तिला खालाच म्हणतो. तिचा नवरा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवतो, महिन्यातनं दोनदा घरी दिसला तर दिसला. शेत खालाच बघायची. सोयाबीन सोडून तिनं पहिल्यांदाच सव्वा एकर ऊस लावला होता, तोही दिराशी भांडून. दिरानं चार माणसांत सांगितलं होतं, "एवढा ऊस कारखान्याला घालून दाखव भाभी. न्हाय जमलं तर पुढच्या सालापासून हे रान मी वाहणार." आणि खाला तिथल्या तिथं "व्हय" म्हणून बसली होती.

जानेवारी सरत आला तरी तिच्या रानाकडं टोळी फिरकली नाही. उसाला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो, वाळायला लागतो. खाला रोज बांधावर यायची, एक ऊस मोडून बघायची आणि परत जायची. ते बघून माझं डोकं तापायचं.

मी तेव्हा लोहाऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मोबाईलवर व्हिडिओ बघून वेबपेज करायला शिकले होते. म्हटलं, सगळ्या शिवाराची यादी करून इंटरनेटवर टाकू. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली तर तासाभरात फुलांच्या फोटोंखाली गडप होते. चावडीवर कागद लावला तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी फाडतो. हे पान कुणाला फाडता येणार नव्हतं.

घरोघर फिरून पावत्यांचे फोटो घेतले, नाव टाकू का म्हणून विचारलं. चाळीसेक घरं झाली. आमची पावती वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पत्र्याच्या पेटीतून मीच काढली. वर लागणीची तारीख, पुढं तोड झाली की नाही, आणि नंबर सोडून जो पुढं घुसला त्याची ओळ लाल. आठवडाभर क्लासवरून आल्यावर तेच करत होते.

फुकट जागा देणारी एक होस्टिंग सेवा सापडली. फोल्डर उचलायचं आणि त्यांच्या चौकटीत नेऊन सोडायचं, बस. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर टाकीच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसले. गोल चकली फिरत राहिली, फिरत राहिली आणि एकदाचं 'प्रकाशित झालं' आलं. ग्रुपवर लिंक टाकली. दोन मिनिटांत पहिला मेसेज, "ताई, पावत्या कुठं हायत? नुसते रिकामे डबे दिसतेत."

मला तर सगळे फोटो स्वच्छ दिसत होते! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, पान ते फोटो माझ्याच लॅपटॉपमधून उचलत होतं. म्हणून मला दिसत होते, जगाला नाही. मला दिसतंय ते सगळ्यांना दिसतंय, असं धरून चालले होते. स्वतःला चार शिव्या घातल्या, फोटो फोल्डरमध्ये टाकले आणि पुन्हा चढवलं.

दुसऱ्याच दिवशी पानानं काम केलं. गावातल्या एका बड्या माणसाच्या रानात टोळी शिरत होती, त्याचा नंबर बराच मागं होता. मी त्याची ओळ लाल केली, आणि सात-आठ बाया मोबाईलवर ती उघडून बांधावर उभ्या राहिल्या. मुकादमानं एकदा त्या बायांकडं बघितलं, एकदा त्या माणसाकडं, आणि कोयते माघारी फिरवले. काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. अण्णा हॉटेलात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पान उघडून दाखवायचे. "आमच्या बाईनं केलंय," म्हणायचे. माझे वडील कौतुक करणाऱ्यातले नाहीत, त्यामुळं ते ऐकून मी आणखीच फुगले.

यादी पुढं सरकत गेली आणि शेवटी दोनच रानं उरली. आधी आमचं, मग खालाचं. सोमवारी मुकादमानं सांगितलं, उद्या एकच फड तोडणार आणि परवा कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उचलून दुसऱ्या शिवारात जाणार. परत इकडं यायला महिना. म्हणजे आमचा ऊस जाणार आणि खालाचा राहणार. महिनाभरानं तिथं ऊस कसला, सरपण उरलं असतं.

त्याच दुपारी खाला आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"कारखान्याच्या माणसाकडं जाऊन आले, बेटा. त्यानं तुझं पान काढून दाखवलं. म्हणला, तुमच्याच शेजारच्या पोरीनं केलंय, बघा, तुमचा नंबर त्यांच्या मागं हाय."

"मागंच आहे खाला. पावतीवर तसंच आहे. मला बी वाईट वाटतंय, पण..."

"पावती राहू दे. म्या लागण केली वसुबारसेला. दिवाळी म्हणून मजूर मिळंना, तर तुझी आई आली मदतीला. माझं बेणं उरलं, ते तुझ्या अण्णांनी भाऊबीज झाल्यावर नेलं लावायला. माझं उरलेलं बेणं तुमच्या रानात हाय, बेटा. मग तुमची लागण माझ्या आधी कशी?"

चुलीपुढं आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मी तिच्याकडं बघितलं, तर तिनं मान वर केली नाही.

खाला ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पण ओरडले असते. ती एवढंच म्हणाली, "तू लिहिलंस म्हणून विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं." आणि गेली.

मी मोबाईलमध्ये लागणीच्या, म्हणजे आदल्या सालच्या दिवाळीचे फोटो शोधले. तेव्हा मी लातूरला कोर्स करत होते, चार दिवस घरी आले होते. पाडव्याला आईचा बांधावर फोटो काढला होता. नवी साडी, हातात डबा, आणि मागं आमचं रान. नुसत्या सऱ्या, हिरवं पानसुद्धा नाही. आणि पावती म्हणत होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लागण. ते मोकळं रान मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरीही ती तारीख माझ्याच हातानं टाइप केली होती. बापाची पावती तपासायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अण्णा तीनच्या सुमाराला आले. मी पाणी दिलं आणि विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"सगळेच सांगत्येत मागली तारीख. त्यो इचारतो, आपण सांगतो. त्यात काय चोरी केली व्हय?"

"मग त्या दिवशी त्या बड्या माणसाची ओळ लाल केली, तेव्हा हॉटेलात कशाला मिरवत होता?"

"तोंड सांभाळून बोल."

"अण्णा, मी तारीख बदलणार आहे."

ते उठून उभे राहिले. अण्णांचा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशी घर दणाणलं. "बापाची अब्रू वेशीला टांगतीस? उद्या टोळी येतीय आपल्यात. आपला ऊस वाळला तर चालतंय तुला?"

"नाही चालत. पण खालाचं रानच जातंय."

"कर मग काय करायचं ते," म्हणाले आणि चपला अडकवून निघून गेले. आई म्हणाली, "गप बस ना बाई. एकदा गप बस." तिच्या डोळ्यात पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी की अण्णांसाठी की खालासाठी, मला कळलं नाही.

मी गच्चीवर गेले. ऊन अजून कडक, लॅपटॉप तापलेला. आमची ओळ उचलून खालाच्या खाली टाकली, लाल केली. पुढं शेरा लिहायचा होता. 'पावतीवरची तारीख खोटी' असं टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. शेवटी 'पावतीवरची तारीख चुकीची, खरी लागण भाऊबीजेनंतर' असं लिहिलं. फोल्डर उचललं आणि चौकटीवर नेऊन तसंच धरून ठेवलं. बोट सोडलं की झालं. बड्या माणसाची ओळ लाल करताना मला हसू येत होतं, हे आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. बोट सोडलं. चकली फिरली. प्रकाशित झालं.

ग्रुपवर मात्र काही टाकलं नाही. तेवढी हिंमत नव्हती. म्हटलं, आधी अण्णांना कळू दे.

दिवेलागणीला अण्णा आले. हातात मोबाईल, आणि चेहरा सैल पडलेला. ओसरीवर टेकले आणि मऊ आवाजात म्हणाले, "म्या आत्ताच बघितलं. न्हाय बदललंस. शहाणी हायस."

माझ्या लगेच लक्षात आलं. सकाळी उघडलेलं जुनंच पान त्यांच्या मोबाईलवर तसंच होतं. कारखान्याच्या माणसाकडं पण जुनंच असणार. मी गप्प बसले असते तर सकाळी टोळी आमच्या रानात शिरली असती, आणि तारीख तर मी बदललीच होती असं मला जन्मभर म्हणता आलं असतं. एवढा सोपा रस्ता मला पुन्हा कुणी दिला नसता.

"अण्णा, ते जुनं दिसतंय तुम्हाला," मी म्हणाले. "अंगठ्यानं खाली ओढा अन् सोडा."

त्यांनी मोबाईल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मग अंगठा ठेवला, खाली ओढलं, सोडलं. स्क्रीनचा उजेड त्यांच्या चष्म्यात हलला. ते वाचत होते आणि मी त्यांच्या पायांकडं बघत होते. त्यांनी मोबाईल खिशात घातला, काढलेल्या चपला परत घातल्या आणि बाहेर पडले. आई दारापर्यंत धावली, "अहो, जेवून तरी जा."

सकाळी मला कोयत्यांच्या आवाजानं जाग आली. गच्चीवरून बघितलं, तर टोळी खालाच्या रानात होती. अण्णा रात्री मुकादमाच्या कोपीवर गेले होते, आणि तिथून कारखान्याच्या माणसाच्या घरी. काय बोलले, कुणाला माहीत नाही. खाला डोक्यावर पदर घेऊन बांधावर उभी होती, आणि तिचा दीर गाडीत मोळ्या टाकत होता.

आमचा ऊस मार्चात गेला, वाळून चिपाड झालेला. अण्णा त्याबद्दल बोलले नाहीत. माझ्याशी तर काहीच बोलले नाहीत. "तिला जेवायला सांग," "तिला पंप बंद करायला सांग," सगळं आईच्या तोंडून. मी पण हट्टी, मी पण आईच्याच तोंडून उत्तरं द्यायची. आत मात्र रोज तुटत होतं. पान बंद करून टाकावं असं कितीदा मनात आलं.

ऊस गेल्यावर चार-पाच दिवसांनी, सकाळी मी गच्चीवर क्लासचं काम करत होते. अण्णा जिना चढून आले. बसले. चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला.

"ते पान उघड."

मी उघडलं. वाटलं, काढून टाक म्हणतील. म्हणाले असते तर मी काढलं असतं, खरंच सांगते.

त्यांनी आमच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे चुकीची का लिवलंस?"

"तुम्हाला लागू नये म्हणून."

"चुकीची कशी असंल? तारीख म्या सांगितली. माहीत असून सांगितली." ते थोडा वेळ खालाच्या मोकळ्या रानाकडं बघत राहिले. "खोटी लिव."

टाइप करताना दोनदा चुकलं. मी तो एक शब्द बदलला, फोल्डर उचललं आणि चौकटीत सोडलं. प्रकाशित झालं म्हटल्यावर अण्णांनी स्वतःचा मोबाईल काढला, अंगठ्यानं पान खाली ओढलं आणि नवी ओळ दिसेपर्यंत तसेच माझ्या शेजारी बसून राहिले.